ओलांडू की ओळखू

गाव सोडलं त्या सकाळी एसटी आलीच नाही. शेवटी दादाने मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं, माझी बॅग टाकीवर धरून. दादा पेटी वाजवतो, गाण्यांना चाली लावतो; शब्द माझे असत. वाशीमकडच्या आमच्या गावात, विहारातल्या बायका ती गाणी मिळून म्हणत. निघताना माय एवढंच म्हणाली, "तिकडं गानं सोडू नको, बाई."

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात मला नर्सची नोकरी लागली होती. गाणं पहिल्याच वर्षी सुटलं. मायला हे कधी सांगितलं नाही. गावच्या मैत्रिणींनो, तुम्हालाही आजच सांगतेय.

अकरा वर्षं गेली. एकदा सकाळची ड्युटी संपवून घरी येताना सोसायटीमागच्या विहारात बायकांची जयंतीची प्रॅक्टिस चालली होती. मी ऐकायला आत वळले, आणि दारात चप्पल काढतानाच थबकले. चाल दादाची होती. शब्द माझे होते. 'दिवा घेऊ हाती बाई, उंबरा ओळखू...'

मी लिहिलं होतं, 'उंबरा ओलांडू'. बायकांनी शिकायला, कामाला घराबाहेर पडावं म्हणून कॉलेजात असताना लिहिलेलं गाणं ते.

ग्रुप चालवणाऱ्या शीलाताईंना मी म्हटलं, "हे गाणं माझं आहे. ओळखू नाही, ओलांडू आहे ते."

त्यांनी वही बघितली. वहीत होतं, 'पारंपरिक'.

"अगं, तुमच्याकडचीच एक सून घाटकोपरला आलीय, तिने शिकवलं आम्हाला. ती ओळखूच म्हणते. तिच्या गावात सगळ्याच तसं म्हणतात म्हणे." मग वही मिटून म्हणाल्या, "नक्की तुझंच ना? पुढचं कडवं म्हणून दाखव बरं."

मला पुढचं कडवं आठवेना.

कोणी हसलं नाही. शीलाताईंनी सरकून सतरंजीवर जागा केली. "बस आमच्यात. आठवेल."

घरी येऊन दादाला फोन लावला, शब्द कोणी बदलला विचारलं. तो म्हणाला, "मायच शिकवते ना बायकांना. तिलाच विचार." मी मायला विचारलं, मुद्दाम बदललंस का? ती म्हणाली, "मले कायले पुसते? लिहता-वाचता कुठं येते मले. तोंडात बसलं ते गायलं." मला राग आला होता की रडू, तेच कळेना. तिला चुकीचं ऐकू आलं होतं, की मी निघून गेल्यावर 'ओलांडू' तिच्या तोंडून निघत नव्हतं? हे मात्र फोनवर विचारवलं नाही.

मी प्रॅक्टिसला जाऊ लागले. कडवी बायकांच्या तोंडून परत मिळाली. कार्यक्रमाच्या कागदावर माझं आणि दादाचं नाव छापलं गेलं. जयंतीला मी सगळ्यांबरोबर 'ओळखू' म्हटलं, आणि खरं सांगते, माझ्या शब्दापेक्षा तोच मला बरा वाटला.

मे महिन्यात गावी गेले. मायने बायका जमवल्या, दादाने पेटी काढली. त्या ओळीला मी मोठ्याने 'ओळखू' म्हटलं. बाकी सगळ्या म्हणाल्या, 'ओलांडू'.

मायने पेटीवर हात ठेवला. "आता काय झालं? तुहा फोन आल्यापासून घोकून घेतलं यायच्याकडून. लेकीचा शब्द हाय म्हनलं."

बायका हसू लागल्या. मी म्हटलं, दोन्ही बरोबर आहेत. मायला ते पटलं नाही. "दोन कसे बरोबर? एक ठरव."

मुलुंडला परतून दोन महिने झाले, अजून ठरलेलं नाही. घराचंही तसंच आहे. इथल्या फ्लॅटचं कुलूप उघडून मी दादाला "आले घरी" असा मेसेज टाकते, आणि हॉस्पिटलात रजेचा अर्ज भरताना कारण लिहिते, 'घरी जायचे आहे'. दोन्ही लिहिताना हात अडखळत नाही. नंतर वाचलं की गोंधळते.

दादाने नव्या वहीत त्या शब्दाची जागा कोरी ठेवलीय. तो सांगतो, गाता गाता बायका तिथे आल्या की माय सगळ्यांना थांबवते, आणि पुढच्या ओळीवर नेते.