वाराला एक गोळी

मला उत्तम कन्नड येतं असं मानणारा बंगळूरमध्ये एकच माणूस होता. तो म्हणजे मी.

चौतीस वर्षांपूर्वी मी सांगलीहून इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलो आणि तिथूनच निवृत्त झालो. कारखान्यात सगळे इंग्रजी बोलायचे. त्यामुळे माझं कन्नड रिक्षावाले, इस्त्रीवाला आणि जयनगरच्या बाजारातले भाजीवाले यांच्यावर पोसलेलं. 'स्वल्प', 'सरी', 'बेडा' आणि 'एष्टु', म्हणजे थोडं, बरं, नको आणि किती, एवढ्या भांडवलावर माणूस या शहरात सुखाने म्हातारा होऊ शकतो, हे मी सिद्ध करून दाखवलंय. आमची ही, म्हणजे सुमन, मात्र खालच्या मजल्यावरच्या सरोजक्कांशी रोज तासभर गप्पा मारून अस्खलित कन्नड बोलायला लागली. (असं सगळे म्हणतात. माझ्या मते ती फार भरभर बोलते, त्यामुळे चुका दिसत नाहीत.)

तर गेल्या वर्षी सुमनचे गुडघे, कंबर, पोटऱ्या सगळं एकदम दुखायला लागलं. रक्त तपासलं, तर डी जीवनसत्त्व नऊ निघालं. शाळेत असतानासुद्धा तिला कुठल्या विषयात इतके कमी मार्क पडले नव्हते. दुखण्यापेक्षा त्या आकड्यानेच ती जास्त खचली.

रिपोर्ट घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. नर्स सुमनला वजन करायला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि डॉक्टरांसमोर मी एकटा उरलो. डॉक्टर तरुण, सज्जन. त्यांनी चांगली इंग्रजीत सुरुवात केली होती. "वन्स अ..." एवढं त्यांच्या तोंडून बाहेरही पडलं होतं. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हटलं, "कन्नडदल्लि हेळि, डॉक्टर." कन्नडमध्ये सांगा!

बाहेरचा माणूस आपली भाषा मागतोय म्हटल्यावर डॉक्टरांचा चेहरा असा काही खुलला की विचारू नका. चार मिनिटं ते घडाघडा बोलत होते आणि मी 'हौदु, हौदु', म्हणजे हो, हो, करत मान डोलावत होतो. त्यातलं 'ऊट' मला कळलं, म्हणजे जेवण. 'तुप्पा' कळलं, म्हणजे तूप. आणि शेवटी त्यांनी एक बोट वर करून बजावलं, "वारक्के ओंदु."

आता वार म्हणजे वार. सोमवार, मंगळवार, बुधवार. 'क्के' म्हणजे 'ला'. वाराला एक. म्हणजे जो वार उजाडेल त्या वारी एक गोळी, तूप घालून जेवल्यावर. यात न कळण्यासारखं काय आहे?

चिठ्ठीवर त्यांनी औषधापुढे एक आकडा आणि 'डब्ल्यू के' असं काहीतरी खरडलं होतं. त्याचाही अर्थ मी रस्त्यातच लावला. विथ खाना! (कन्नड डॉक्टर इंग्रजी चिठ्ठीत हिंदी खाना कशाला लिहील, ही शंका मला आली नाही. शंका यायला स्वभावात थोडी नम्रता लागते.) औषधाच्या दुकानदाराने आठ गोळ्या दिल्या आणि कशा घ्यायच्या ते पाकिटावर लिहायला पेन उचललं. मी "गोत्तु, गोत्तु", म्हणजे ठाऊक आहे, ठाऊक आहे, असं म्हणत त्याच्या हातातून पाकीट काढून घेतलं.

गोळी चांगली टपोरी, मधाच्या रंगाची. वर लिहिलेलं, साठ हजार युनिट. सुमनने पहिल्याच दिवशी विचारलं की एवढी मोठी गोळी रोज कशी घ्यायची. मी तिला समजावलं की नऊवरून वर यायचं तर जोर लावायलाच हवा, आणि शिवाय डॉक्टरांनी मला स्वतः कन्नडमध्ये सांगितलंय. यावर तिने गोळी गिळली. खरं म्हणजे याच वाक्यावर तिने पोलिसांत जायला हवं होतं.

मग मी कामाला लागलो. निवृत्त इंजिनिअरला घरात एक प्रकल्प मिळाला की काय होतं, ते घरच्यांनाच माहीत! रोज दुपारी वरणभातावर दोन चमचे तूप, त्यावर गोळी, आणि कॅलेंडरवर त्या वाराच्या चौकोनात बरोबरची खूण. त्यानंतर अर्धा तास तिला गच्चीवर उन्हात बसवणं. पाचव्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि ती मध्ये न थांबता तीन मजले चढली, तेव्हा मी त्याचं सगळं श्रेय घेऊन टाकलं. आठव्या दिवशी गोळ्या संपल्या, म्हणून आणखी आणायला निघायच्या आधी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेलो.

तिथे सरोजक्का हप्पळ, म्हणजे पापड, वाळत घालत होत्या. त्यांची मुलगी अमेरिकेत आहे. तिच्याबद्दल त्यांनी माझ्याकडे गाऱ्हाणं सुरू केलं. "वारक्के ओंदे सल फोन माड्ताळे, नोडि," असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला.

मला काही कळेना. वाराला एकदा फोन करते, म्हणजे रोज करते. यात रडायचं काय? मी माझ्या कन्नडमध्ये त्यांची समजूत काढली की तुम्ही भाग्यवान आहात, आमचा मुलगा तर इथे पुण्यात असून फक्त भानुवारी, म्हणजे रविवारी, फोन करतो.

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अदे अल्वा? वारक्के ओंदु." तेच की. वाराला एक.

मी कपडे खाली ठेवले आणि वार म्हणजे काय, असं अगदी हळू आवाजात विचारलं. सरोजक्कांनी लहान मुलाला शिकवावं तसं बोटांवर मोजून दाखवलं. सोमवारा, मंगळवारा, बुधवारा... सात बोटं झाली आणि त्यांनी दोन्ही मुठी मिटल्या. हे सगळं मिळून एक वार.

कन्नडमध्ये वार म्हणजे आठवडा! चौतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, तर कन्नडमध्ये सांगितलं असेल.

चिठ्ठीवरचं 'डब्ल्यू के' म्हणजे वीक होतं, आणि दोन महिन्यांचं औषध मी बायकोला आठ दिवसांत चारलं होतं. आमच्या कारखान्यात माझ्या हातून एकही काम वेळेत पुरं झालं नाही. मुदतीच्या सात आठवडे आधी संपवलेलं हे पहिलंच.

पण गंमत बाजूला. मी पार हादरलो. फोनवर शोधलं तर पुढ्यात सगळं यायला लागलं. डी जीवनसत्त्व फार झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, तहान तहान होते, मळमळतं, माणूस गोंधळतो आणि शेवटी मूत्रपिंडांवर येतं. दवाखान्यात फोन केला, तर डॉक्टर हुबळीला लग्नाला गेलेले, उद्या सकाळी येणार. दुसरा डॉक्टर गाठायचा, तर आधी सुमनला सांगावं लागणार. तेवढी माझी छाती नव्हती.

खाली आलो तर ती पाणी पीत होती. एक पेला संपवून तिने दुसरा भरला! (तिने नुकत्याच सरोजक्कांकडच्या पापडाच्या खारट लाट्या खाल्ल्या होत्या, हे मला मागाहून कळलं.) मग चष्मा डोक्यावर ठेवून ती घरभर चष्मा शोधत फिरली. हे ती वीस वर्षं करतेय, पण त्या दिवशी मला दरदरून घाम फुटला. हिला काही झालं तर मी काय करणार, एवढा एकच विचार डोक्यात.

मग मला जे सुचलं ते मी केलं. कॅल्शियम रोखायचं म्हणून घरातलं दूध आणि दही सरोजक्कांना नेऊन दिलं. सुमनला कोरी कॉफी दिली. डी आणखी वाढू नये म्हणून सगळे पडदे ओढले. दर तासाला तिला वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवायचो आणि तिला ती कळली का, याची परीक्षा घ्यायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाल्कनीत तुळशीला पाणी घालायला गेली, तेव्हा मी मागे उभा राहून तिच्या डोक्यावर छत्री धरली.

तिने तांब्या खाली ठेवला. "अहो, काय चाललंय तुमचं कालपासून?"

"ऊन लागेल तुला."

"काल दुपारपर्यंत मला पापडासारखं वाळत घालत होतात, ते काय होतं?"

छत्री धरूनच मी सगळं सांगितलं. डॉक्टर, वार, आठ गोळ्या, मूत्रपिंडं. तिने माझ्या हातातली छत्री काढून मिटली. मग शांतपणे म्हणाली, "घरात मी होते. मला का नाही विचारलंत?"

मी जाऊन तिच्या चपला दारात सरळ मांडून ठेवल्या.

दवाखाना उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर हजर. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, तिला तहान, उलटी, लघवी सगळं नीट विचारलं आणि कॅल्शियम आणि मूत्रपिंडं तपासायला रक्त घेतलं. रिपोर्ट दुपारनंतर मिळणार होता. तेवढा वेळ मी बाकावर तिची पर्स मांडीवर घेऊन बसलो होतो. ती समोरच्या हॉटेलात जाऊन इडली खाऊन आली, माझ्यासाठी बांधूनही आणली. ती पुडी मी तशीच पर्सवर ठेवून दिली.

शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. कॅल्शियम व्यवस्थित होतं, मूत्रपिंडंही ठीक. मला रडूच आलं आणि मी ते लपवलं नाही. मग डॉक्टर माझ्याकडे बघून इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. कधी कधी डॉक्टर स्वतःच थोडे दिवस असा मोठा डोस देतात, पण तपासण्या करून, आपल्या मनाने नाही. तुम्ही आणखी आठ-आठ गोळ्या आणून महिनोन्महिने हेच चालू ठेवलं असतं, तर मॅडमना रुग्णालयात न्यावं लागलं असतं. आता गोळी पूर्ण बंद, भरपूर पाणी, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी. दूध चालेल. आणि उन्हाने डी कधीच जास्त होत नाही, शरीर स्वतःच तिथे थांबतं, तेव्हा कृपा करून छत्री आवरा.

मग ते जरा खजील होऊन म्हणाले की चूक माझीही आहे, मी चिठ्ठीवर स्वच्छ लिहायला हवं होतं. यापुढे सरांशी फक्त इंग्रजीतच बोलेन, म्हणजे असा घोटाळा व्हायचा नाही.

सुमन पर्स उचलून उठली आणि भिंतीकडे बघत मराठीत म्हणाली, "काही उपयोग नाही हो. छत्तीस वर्षं मी यांच्याशी मराठीत बोलतेय, त्यातलं तरी काय कळलंय यांना!"

डॉक्टरांना मराठी येत नाही. त्यांनी मोठ्या अदबीने मला विचारलं, मॅडम काय म्हणाल्या?

मी म्हटलं, "तुमचे आभार मानतेय."