नळीचे चाळीस सेकंद

इचोड्याहून आत गेलं की चुनखडी भाजणारा एक कारखाना लागतो. तिथं बाबारावांनी सव्वीस वर्षं एकच काम केलं. भट्टीचा धूर वाहून नेणाऱ्या मोठ्या नळकांड्यात एक लोखंडी नळी खुपसलेली असे. ती आतला वायू ओढून यंत्राकडं नेई आणि पेट घेणारा वायू किती वाढला ते यंत्र सांगे. नळीत धूळ चिकटे. ती दर पाळीला उपसून, खरवडून पुन्हा बसवायची. त्यांच्या मनगटावरचे केस कधीचेच जळून गेले होते.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी भट्टीत कोळसा जास्त पडला. वायू वाढल्याचं यंत्रानं सांगताच, विजेवर धूळ पकडणाऱ्या पेटीची वीज आपोआप तुटायला हवी होती. ती तुटली, पण उशिरा. ठिणगी पडून पेटी फुटली. शेजारी ग्रीस लावत असलेला राजकुमार जागीच गेला. बाबारावांच्याच गल्लीतला, त्यांनीच कामाला लावलेला.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘नळी साफ नव्हती.’ त्या पहाटे बाबारावांनी ती स्वतः साफ केली होती. पण तेच वाक्य दहा जणांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनाही खात्री वाटेना. राजकुमारची आई देवकाबाई त्यांना पाहिलं की दार लावून घेई. बाबाराव विहारात जाईनासे झाले, कारण तिथं ती पुढच्याच रांगेत बसे.

गेल्या हिवाळ्यात कारखान्यात लेझर आला. नळकांड्याच्या एका बाजूला प्रकाश सोडणारा डबा, समोरच्या बाजूला तो झेलणारा. वायू जितका प्रकाश गिळेल तितका आकडा. आत काही खुपसायचं नाही. बसवायला पूर्णिमा नावाची इंजिनीअर आली होती. आठ दिवस जुनी नळी आणि लेझर दोन्ही सोबत चालवून तिनं आकडे ताडून पाहिले.

बाबाराव पडद्यासमोर उभे राहिले. लेझरची रेघ उसळली. नळीची रेघ तशीच आडवी. बऱ्याच वेळानं तीही वर चढली.

“ही मागं काऊन राहून राह्यली, मॅडम?”

“वायू नळीतून यायला वेळ लागतो ना. चाळीस सेकंद. लेझरला दोन.”

“नळी साफ असली तरी?”

“साफ असली तरी.”

ते खाली उतरले. मग मॅनेजरकडं जाऊन म्हणाले, चौकशीतलं ते वाक्य खोडा, नळी साफ असली तरी वीज उशिराच तुटणार होती. मॅनेजर म्हणाला, फाईल कधीच बंद झाली.

रविवारी ते देवकाबाईच्या दारात गेले. तिनं दार लावायच्या आत त्यांनी हात घातला. “मावशी, एकच गोष्ट सांगतो आन् जातो.” उंबऱ्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

म्हातारीनं पुरतं ऐकून घेतलं. “म्हंजे तुही चूक नव्हती.”

“नाई.”

“मंग कोनाची?”

देवकाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, “पाच वर्सं रोज सकाळी तुले शिव्या देत उठले मी. आता कोनाले देऊ? कायले सांगाले आला रे तू?”

ती रडली नाही. पदरानं हात पुसत चुलीपाशी गेली आणि पाठमोरी बसून राहिली. बाबाराव चपला हातात घेऊन निघाले.

घरी बायकोनं, चंद्रभागेनं विचारलं, “काय म्हनाली ते?”

“आयकलं तिनं,” एवढंच ते बोलले.

पुढच्या महिन्यात नळी काढली आणि तिचं भोक पत्रा ठोकून बंद केलं. बाबारावांना वजनकाट्यावर ट्रकचे नंबर लिहायला बसवलं. काम हलकं होतं. देवकाबाई आता त्यांना पाहून दार लावत नाही. ती त्यांच्याकडं बघतच नाही.