सुरुंग, स्लॅब आणि तनुजा

किल्लारीत तनुजाचं नाव काढा, रागीट म्हातारेसुद्धा कौतुकानं मान डोलावतात. का नाही डोलावणार? भूकंपात बाप गेला, भाऊ गेला, माय कस्तुराबाईनं तिला पत्र्याच्या शेडात वाढवली, अन् या पठ्ठीनं फिजिक्समध्ये पीएचडी केली! मग लातूरच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागली. शेवटच्या बाकावरच्या पोराच्याही डोक्यात तिचं शिकवणं पक्कं बसायचं.

पण तिच्या स्वतःच्या डोक्यात भिंती होत्या. दगडमातीची भिंत हादऱ्यानं कुठून सुटते, कशी कोसळते, हे संगणकावर मांडायचं तिला वेड. नेमक्या याच कामासाठी एका दूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेनं पीएचडी झालेल्यांकडून अर्ज मागवले. वयाच्या अटीमुळे तनुजाची ही शेवटची संधी. तिनं अर्ज टाकला खरा, पण जीव अडकला होता मायमध्ये. नव्या गावात पक्कं घर मिळालं, तरी कस्तुराबाई स्लॅबखाली कधी झोपलीच नाही. तिची वाकळ अंगणात, पाऊस आला तर पत्र्याखाली. ती एकटी बाहेर झोपणार, म्हणून तनुजा रोज लातूरहून जीपनं परत यायची.

मुलाखत लॅपटॉपवर होती, घरूनच. पलीकडे तीन मोठे शास्त्रज्ञ. एकानं विचारलं, "या संशोधनाचा उपयोग काय?" तनुजा तोंड उघडते तोच शेजारच्या शिवारात विहिरीचा सुरुंग उडाला. धडाम! बाई लॅपटॉप बगलेत मारून थेट रस्त्यावर! भानावर आली तेव्हा शास्त्रज्ञांना तिच्याऐवजी लिंबाचं झाड दिसत होतं. आता गेली म्हणायची संधी! पण ही पोर काय साधी? आजूबाजूला बघितलं, तर अख्खी गल्ली बाहेर आलेली. तिनं लॅपटॉप तसाच गल्लीकडे फिरवला.

"सर, सुरुंग उडाला तरी आमच्याकडं इतकी माणसं घराबाहेर पळतात. कोणतं घर टिकेल हे छातीठोक सांगता आलं, तर ही घरात झोपतील. एवढाच उपयोग."

निवड झाली. क्लासमध्ये पेढे वाटले गेले. तनुजा मात्र घरी आली ती पडलेल्या चेहऱ्यानं.

"माय, म्या न्हाई जात. तू एकटी अंगणात कशी राहशील?"

भर दुपारी कस्तुराबाईनं वाकळ उचलली, घरात नेली, मधल्या खोलीत बरोबर स्लॅबखाली अंथरली आणि आडवी झाली. डोळे गच्च मिटलेले, कपाळावर घाम. तनुजानं धावत जाऊन तिचा हात धरला.

"ऊठ माय, बाहेर चल."

"गप! झोपलेल्या माणसाला उठवू न्हाई," कस्तुराबाई म्हणाली. "जा, तुझी बॅग भर."