पंप चालू, पाट कोरडा

माझा मामा रॅप म्हणायचा. आज हे कोणीही सहज ऐकून घेईल, पण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या भुईगावात हे सांगताना आई आवाज खाली करायची. टीव्हीवर ते फॅड आलं तेव्हा मामा पंचविशीत होता. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात दोन गाण्यांच्या मधली पाच मिनिटं त्याला मिळायची. पुढे फॅड गेलं, ऑर्केस्ट्राही गेले, मामा तेवढा राहिला. चाळिशी उलटली, केस काळे करायला लागला, तरी टोपी उलटीच.

आईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "आमी उखाने घेतो तेच हा घाईघाईत घेतो," म्हणायची. मामाही ते कबूल करायचा. आईचे उखाणे होतेच तसे. हळदीकुंकवाला बायका तिला शेवटी ठेवायच्या, कारण तिच्यानंतर कोणाचा रंगायचा नाही. मात्र उखाण्याबाहेर तिने बाबांचं नाव कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती माझ्याकडे बघायची, मग मी सांगायचो.

तर या मामाने स्वतःचा अल्बम काढला. कंपन्यांनी त्याला दारात उभं केलं नव्हतं. आचोळ्याला कोणाच्या तरी फ्लॅटच्या बेडरूममध्ये रेकॉर्डिंग केलं, सीड्या छापून घेतल्या आणि पहिला गठ्ठा स्कूटरला बांधून बोळिंजहून थेट आमच्याकडे आला. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि स्वभावाने पहिल्यापासून संशयी. फुकट मिळालेलं केळंसुद्धा मी उलटसुलट करून बघतो. मी विचारलं, "पैसे कुठून आणलेस?"

"पीएफ काढला," तो म्हणाला आणि सीडीवरचं प्लास्टिक सोलत बसला. मला ते पटलं नाही. मामाची नोकरी अशी होती की पीएफमधून फार तर टोप्या आल्या असत्या.

अल्बममध्ये आठ गाणी होती. सात कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. आठवं विहिरीचं होतं आणि त्याचं धृपद सोपं होतं: पंप चालू, पाट कोरडा, सांग भाऊ, पाणी गेलं कुठं?

बाहेरच्या माणसाला यात काही कळणार नाही. आमच्याकडे केळीच्या वाडीला पाणी द्यायचं ते विहिरीवर पंप लावून, पाटाने. पंप चालू असेल तर पाट वाहायला हवा. पंप चालू आणि पाट कोरडा, याचा अर्थ पाइप वाडीच्या मागे गेलाय आणि तिथे टँकर भरतोय. नव्या बिल्डिंगांना पाणी नव्हतं आणि आमच्या विहिरींना होतं. उपसा वाढून विहिरी खारट व्हायला लागल्या तेव्हा गावाने देवळात बसून ठरवलं की टँकरला पाणी द्यायचं नाही. मामाच्या गाण्यातला माणूस त्या बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोलतो आणि घरी जाऊन पाइप जोडतो. दोन कडवी होती. पहिल्यात तो पाणी विकतो, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या खारट झालेल्या विहिरीवर जाऊन हळहळतो. नाव कुठेच नव्हतं.

नाव नव्हतं हेच वाईट झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण आमच्या गावात त्या उन्हाळ्यात भरदुपारी चांदणं पडलं. पानाच्या गादीवर ते गाणं लागलं की उभी असलेली माणसं एकमेकांकडे न बघता सुट्टे पैसे मोजायची. जो तो दुसऱ्याच्या वाडीवरून जाताना पाटात डोकावायचा. एक चुलतकाका तर येऊन सांगून गेले, "माझा पंप बिघडलाय हां, महिना झाला." त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

बाबा कोणाकडे गेले नाहीत. त्यांनी फक्त गाणं ऐकलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाट वाहता ठेवला. इतका, की केळींच्या बुडाशी पाणी साचून दोन केळी आडव्या झाल्या. ते बघून मला जे कळायचं ते कळलं. बैठकीत मोठ्याने कोण बोललं होतं, तेही मला आठवलं. मला बाबांची लाज वाटली आणि रागही आला, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती.

बाबांचा संशय मात्र आईवर. "तुज्या भावाला कोनी सांगितलं? घरातलं मानूस सोडून कोनाला ठाऊक?"

"मी नाय सांगितलं," आई म्हणाली.

"मग काय केळींनी सांगितलं?"

त्यानंतर त्यांनी जाहीर केलं की मामाचं पाऊल या उंबऱ्याला लागता कामा नये. भाऊबीजेलासुद्धा नाही, आणि आईनेही ओवाळायला तिकडे जायचं नाही. आईला तो एकुलता भाऊ. लग्न झाल्यापासून तिची भाऊबीज एकदाही चुकली नव्हती. ती वाद घालत बसली नाही, पण त्या दिवसापासून बाबांशी कामापुरतंच बोलायला लागली. मी तिच्याकडेही संशयाने बघायचो. सांगितलं तर नसेल हिने?

मे महिन्यात आईच्या माहेरी तिच्या चुलतभावाच्या मुलीची हळद होती. लग्नकार्याला बाबा अडवू शकले नाहीत. आई बोळिंजला गेली, संध्याकाळी परत आली, पातळ बदललं आणि मुकाट्याने भाकऱ्या थापायला बसली. तिचं काहीतरी बिनसलंय एवढं मला दिसलं. भावाशी भांडली असेल, असं मी धरून चाललो.

दिवाळी तोंडावर आली. बाबांनी पुन्हा विषय काढला, की यंदा भाऊबीज नाही, लक्षात आहे ना? आई करंज्या वळत होती.

"ते गानं तुमच्यावर नाय," ती म्हणाली.

"तुला कसं ठाऊक?"

"हळदीला गेले तेवा त्याच्याकडं चा प्याले. खारट लागला. आमच्या माहेरच्या विहिरीचं पानी कदी खारट नव्हतं." तिने करंजीची कड दाबली. "त्याने सोताच्या विहिरीचं पानी विकून पाटी काढलीय. आनि सोताचंच गानं केलंय."

पाटी म्हणजे सीडी. बाबा हसायलाच लागले. इतके महिने छातीवर असलेला दगड उतरल्यासारखे हसले. "मग बोलव की त्याला," म्हणाले. "बोलव. जेवायलाच बोलव." मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

मामा आला. टोपी काढून पाटावर बसला. आईने टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. मामाने खिशातून पाकीट काढलं तेव्हा तिने ताट मागे घेतलं.

"हे नको. ते विहिरीचं गानं म्हन. तीच माझी ओवाळनी. पन नाव घालून म्हन."

मामाने तिच्याकडे पाहिलं. निरांजन तिच्या हातात तसंच होतं. स्टेजवर श्वास न घेता बोलणारा माणूस, तो पहिलीच ओळ दोनदा चुकला. तरी त्याने म्हटलं. जिथे नुसता 'तो' होता, तिथे स्वतःचं नाव घातलं, आडनावासकट. पहिलं कडवं कसंबसं संपलं. बाबा खुर्चीत मागे रेलून मान डोलवत होते.

मामा दुसरं कडवं सुरू करणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांब. यातलं नाव मी घेते."

आणि तिने बाबांचं नाव घेतलं. उखाण्याशिवाय.