हौदाच्या पायरीवर

हनी फोर्क गावात बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर आलेल्या माणसाला नव्या आयुष्यात पहिलं दर्शन घडायचं ते वनेटा स्टाइल्सबाईंचं. देवाचं त्यानंतर, सवडीनं.

चर्चमध्ये व्यासपीठाच्या मागे, गाणाऱ्यांच्या डोक्यांच्या वर, बाप्तिस्म्याचा हौद आहे. पुढून काच आणि मागच्या भिंतीवर यार्देन नदीचं चित्र. हे चित्र दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका गृहस्थांनी काढलं. त्यांनी जन्मात पाहिलेली नदी एकच, गावाबाहेरची. त्यामुळे यार्देनेच्या काठी केंटकीची झाडं आहेत आणि दूर कोपऱ्यात तंबाखू वाळवायचं कोठारही आहे. डावीकडच्या पायऱ्यांनी हौदात उतरायचं, उजवीकडच्या पायऱ्यांनी वर यायचं, आणि तिथे वरच्या पायरीवर, पडद्याआड, टॉवेल पसरून वनेटाबाई.

हे काम त्यांना कुणी सोपवलं नव्हतं. लग्न होऊन गावात आल्या त्या उन्हाळ्यात, आधीच्या बाईंचे गुडघे धरले होते. "जरा उभी राहा गं माझ्या जागी," असं त्या म्हणाल्या, आणि जरा उभ्या राहिलेल्या वनेटाबाई केस पांढरे होईपर्यंत उभ्याच राहिल्या. बाप्तिस्म्याचे पांढरे झगेही हळूहळू त्यांच्याकडेच आले. एकदा पोस्टातल्या भारदस्त बाई हौदात उतरल्या आणि त्यांचा झगा छत्रीसारखा उघडून पाण्यावर आला. गाणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले आणि सूर अजिबात सोडला नाही. दुसऱ्याच दिवशी वनेटाबाईंनी नवऱ्याच्या मासेमारीच्या पेटीतल्या शिशाच्या गोळ्या काढल्या आणि प्रत्येक झग्याच्या काठात शिवून टाकल्या. नवरा, वर्लिन, मरेपर्यंत सांगायचा, "वनेटाच्या धर्मकार्यानं माणसं किती तरली ठाऊक नाही, नदीतले मासे मात्र नक्की तरले."

गावातली निम्मी माणसं अशी त्यांच्या हातांवरून गेली. थरथरणारी, खोकणारी, रडणारी, एक तर चक्क शिव्या देणारा, कारण पाणी तापवायचं राहून गेलं होतं. पाण्यातून आलेला माणूस, मग तो पोलीस असो की सावकार, दोन मिनिटं तान्ह्यासारखा असतो, हे वनेटाबाईंना माहीत होतं. ती दोन मिनिटं त्यांची.

फक्त स्वतःच्या मुलाची त्यांना मिळाली नाहीत.

रॉडनी एकुलता एक. चौदाव्या वर्षी तो चर्चच्या उन्हाळी शिबिराला गेला, शनिवारी परत आला, जेवायला बसला आणि म्हणाला, "फरसबी दे इकडे. आणि हो, गुरुवारी माझा बाप्तिस्मा झाला. तळ्यात."

वनेटाबाईंनी फरसबी दिली. दुसरं काय देणार? थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "काठावर कोण होतं रे? टॉवेल घेऊन?"

"कुणी नाही. हवेत वाळलो."

इतकी वर्षं झाली, रॉडनीच्या कपाळावरचे केस गेले, पण त्याचं ते हवेत वाळणं वनेटाबाईंच्या मनातून काही जाईना.

रॉडनीला एकच मुलगी, ब्रिन. आजीला ती मॅमॉ म्हणायची. तीही चौदाची झाली आणि तिनंही शिबिराला नाव घातलं. आता गावातली पोरं सरसकट तळ्यातच बाप्तिस्मा घेऊन येत होती. चर्चचा हौद कोरडा पडला होता आणि त्यात नाताळच्या देखाव्यातली मेंढरं ठेवली होती. म्हणून शिबिराच्या आधीच्या रविवारी, तळघरात एकत्र जेवण झाल्यावर, मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी हा विषय काढला. वनेटाबाई ब्लॅकबेरीची पाई वाढत होत्या. त्यांना कुणी मत विचारलं नाही. एवढी पाई हातात असताना विचारायची हिंमतही कुणाची नव्हती.

"मूल जन्मतं तेव्हा घरचे नकोत?" ऑर्विल म्हणाला. हा पूर्वी गुरांच्या खाद्याचं दुकान चालवायचा आणि अजूनही सगळ्यांशी गिऱ्हाइकाशी बोलावं तसाच बोलायचा. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे पोरगं आम्ही वाढवायचं, सांभाळायचं, आणि जन्म मात्र तिकडे परगावी, मच्छरांत."

ब्रदर डेल, तरुण पाळक, नम्रपणे म्हणाले, "भूक लागते तेव्हा वाढावं, ऑर्विल. पोरांना शिबिरात भूक लागते."

"लागणारच. तिथलं जेवण मी खाल्लंय."

"प्रभूनं बाप्तिस्मा घेतला त्या यार्देनेला काय काच लावली होती?" ब्रदर डेल म्हणाले.

"नव्हती. पण त्याची आई तरी जवळपास होती."

हे खरं की खोटं, कुणालाच सांगता येईना. शेवटी ठरलं एवढंच, की मुलानं इच्छा दाखवली तर शिबिरवाल्यांनी आधी घरी फोन करावा. मग सगळ्यांनी पाई संपवली.

वनेटाबाई ब्रिनला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. फक्त शिबिराच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एक झगा काठातून वर घेतला आणि ब्रिनला हाक मारली. "जरा अंगाला लावून बघ. तुझ्याच उंचीची एक मुलगी आहे, तिच्यासाठी."

"हनी फोर्कमध्ये माझ्या उंचीची दुसरी कोण आहे गं, मॅमॉ?"

"असेल एखादी. सरळ उभी राहा, टाचणी टोचेल."

ब्रिन सरळ उभी राहिली. ती हसत होती हे वनेटाबाईंना आरशातून दिसलं, पण त्या तोंडात टाचण्या धरून गप्प बसल्या.

गुरुवारी संध्याकाळी जेवण उरकलं आणि फोन वाजला.

"मॅमॉ, मी बोलतेय."

"काय गं? पोट बिघडलं का?"

"नाही. मी आज पुढे गेले. गाणं चालू होतं तेव्हा. सगळ्यांसमोर सांगितलं, मला बाप्तिस्मा घ्यायचाय." तिला धाप लागली होती. "बाबा म्हणाले, तुझी मर्जी. मी म्हटलं, मॅमॉला विचारते. आमच्या खोलीतल्या सगळ्याजणी आत्ता तळ्यावर निघाल्यात. माझ्या शेजारच्या खाटेवरची मेरीबेथसुद्धा."

"तुला काय वाटतं?"

"मला आत्ता जायचंय," ब्रिन म्हणाली. "आणि मला तूही हवीयस."

तळं अडीच तासांवर. मोतीबिंदूनंतर वनेटाबाईंनी किराण्याच्या दुकानापलीकडे गाडी नेलेली नव्हती. ब्रदर डेल बरोबर बोलले होते हे त्यांना तेव्हाच पटलं होतं, पाई वाढता वाढता. भूक लागलेल्या लेकराला रविवारपर्यंत थांब म्हणू नये. 'जा' हा शब्द केवढासा. तो त्यांच्या ओठांपर्यंत आला आणि तिथेच बसून राहिला. फोनमधून मुलींचं हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी लांबून ओरडत होतं, "ब्रिन, चल ना गं, पाणी गार होतंय."

वनेटाबाईंनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"मॅमॉ, ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"बरं," ब्रिन म्हणाली. "थांबते मी. रविवारी घेईन. आपल्याकडे."

"अगं, तुला जायचं असेल तर जा की," वनेटाबाई म्हणाल्या. पण पाहुणा चपला घालून दारात उभा राहिल्यावर 'बसा की अजून' म्हणतात ना, त्या आवाजात.

फोन ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात उगाचच दोनदा ओटा पुसत राहिल्या. मग त्यांनी ऑर्विलला फोन लावला. "मेंढरं बाहेर काढ," म्हणाल्या. ऑर्विलला एवढ्यावरच कळलं.

शनिवारी दुपारी चर्चच्या गाडीतून मुलं उतरली. ब्रिनचं नाक उन्हानं सोललं होतं. तिनं आजीला मिठी मारली, घरी येऊन मक्याचा पाव आणि ताक घेतलं, पण एरवी न थांबणारं तोंड आज खाण्यापुरतंच उघडत होतं.

"मग? मजा आली?"

"आली." ताकाचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "सगळ्या एकदम गेल्या, मॅमॉ. हात धरून. मी काठावर राहिले ना, म्हणून सगळ्यांचे टॉवेल माझ्याकडे दिले."

"जमलं तुला?"

"त्यात काय आहे? पण आपणच भिजतो."

"हो. भिजतोच."

"मेरीबेथ पाण्यातून मला हाका मारत होती. बाहेर आली तेव्हा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तू असतीस तर. मी होते की गं तिथेच." ब्रिननं पावाचा चुरा बोटानं गोळा केला. "ती टेनेसीची आहे. पुढच्या वर्षी येणार नाही बहुतेक, त्यांचं घर बदलतंय."

वनेटाबाईंनी आणखी ताक ओतलं. माफी मागायची तर ती कशाची, हे नीट सांगता आलं पाहिजे. आणि त्या तर काहीच बोलल्या नव्हत्या.

"त्या सगळ्या उद्या बघणार आहेत," ब्रिन म्हणाली. "बाबा फोन धरणार आहेत पुढच्या बाकावरून. चार गावांतून चौघीजणी, एकाच वेळी."

रविवारी चर्च भरलं. ऑर्विलनं पाणी तापवायला घेतलं होतं, पण इतक्या दिवसांनी हौद भरलेला, पाणी कोमटही होईना. ब्रदर डेल रबरी विजारीत होते, त्यांना काय कळणार. ब्रिन झगा घालून डावीकडच्या पायऱ्यांनी उतरली. वनेटाबाई उजवीकडे पडद्याआड उभ्या होत्या. तिथून मंडळी दिसत नाही, काच दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ब्रदर डेलचा आवाज, मग तो ठरलेला क्षणभराचा सन्नाटा, मग पाण्याचा मोठा आवाज आणि बाकांवरून आलेलं आमेन.

आणि ब्रिन वर आली. केस चेहऱ्यावर, ओठ निळे, डोळे घट्ट मिटलेले. वनेटाबाईंनी तिला पूर्ण गुंडाळलं, डोक्यापासून, आणि छातीशी धरलं. या क्षणाला काय बोलायचं ते त्यांनी फार वर्षांपूर्वी ठरवून ठेवलं होतं, रॉडनीसाठी. ते काही बाहेर येईना. त्या नुसतं तिचं डोकं पुसत राहिल्या. त्यांचं पोलकं भिजून पोटापर्यंत गार झालं.

ब्रिननं डोळे उघडले. आजीच्या खांद्यावरून पलीकडे बघत तिनं विचारलं, "त्यांनी पाहिलं?"

"कुणी, बाळा?"

"मेरीबेथनं. सगळ्यांनी."

मंडळी गात असताना वनेटाबाई कधी पडद्याबाहेर आल्या नव्हत्या. त्या दिवशी भिजल्या पोलक्यानं बाजूच्या दारातून सरळ पहिल्या बाकापाशी गेल्या. रॉडनी फोन उंच धरून तो हलवत होता, जणू आत अडकलेलं काही त्यानं सुटेल.

"मुलींना दिसलं का रे?"

"खाली गेली तिथपर्यंत दिसलं, आई. मग अडकलं. या दगडी भिंतींत रेंज कुठे येते?"

वनेटाबाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला आणि परत आल्या. ब्रिन पायरीवर बसली होती, टॉवेलात. तिनं आजीचा चेहरा पाहिला.

"खाली जाताना पाहिलं त्यांनी," वनेटाबाई म्हणाल्या. "वर येताना नाही. मध्येच रेंज गेली."

ब्रिन आजीकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले. "म्हणजे मॅमॉ, त्यांच्या लेखी मी अजून पाण्याखालीच आहे."

"मग कळव त्यांना. मागच्या अंगणात रेंज येते."

"आत्ता? बाहेर सगळे थांबलेत. हात मिळवायला."

"थांबू देत."

ब्रिन ओल्या झग्यानं निघाली. काठातलं शिसं पायऱ्यांवर टकटक वाजत गेलं. वनेटाबाईंनी मागचं दार पायानं धरून उघडं ठेवलं. अक्रोडाच्या झाडाखाली उभी राहून ती फोनवर बोलायला लागली, आधी हळू, मग जोरात, मग हातवारे करत. शनिवारपासून न ऐकलेलं तिचं हसू आत्ता ऐकू आलं, पण अंगणातून, लांबून, दुसऱ्याच कुणाशी चाललेलं. वनेटाबाई ते ऐकत उभ्या राहिल्या. आत तेच गाणं दुसऱ्यांदा पहिल्यापासून सुरू झालं.

ब्रदर डेलनी पडद्यातून डोकं काढलं. रबरी विजारीतून पाणी ठिबकत होतं. "वनेटाबाई, आपली ब्रिन कुठाय? लोक वाट बघतायत."

"येईल," वनेटाबाई म्हणाल्या. "जरा तळ्यावर जाऊन येतेय."