तरन्नुम आतार आणि पाच मिनिटांची अट

२००५ साली आमच्या भोरच्या कॉलेजात एकोणीस कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला एकटी तरन्नुम आतार. वय तेवीस. एसटी स्टँडाजवळ घड्याळदुरुस्तीची टपरी चालवणाऱ्या मन्सूरभाईंची ही थोरली मुलगी. रोज एसटीने पुण्याला जाऊन-येऊन तिने नेटवर्किंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. मी तिथे ग्रंथपाल होतो. माझं टेबल तिच्या लॅबच्या दाराला लागून, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

तरन्नुमचा निम्मा दिवस लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्यात जायचा. कॉम्प्युटर उघडायला एक पासवर्ड, निकालाच्या प्रोग्रामला दुसरा, शिष्यवृत्तीच्या याद्यांना तिसरा, माझ्या ग्रंथालयाला चौथा. यात सगळ्यांत गांजलेले होते हेडक्लार्क आनंदराव. वेल्ह्याकडचे, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, आयुष्य टाइपरायटरवर गेलेलं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. त्यांच्या नावावर सहा पासवर्ड होते आणि ते सहाही त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून ठेवले होते.

जानेवारीत नवं कॅलेंडर आलं. जुनं आमच्या शिपाई बनाबाई घरी घेऊन गेल्या, फडताळात अंथरायला. दुसऱ्या दिवशी बनाबाई रजेवर आणि भाऊसाहेब घामाघूम. शेवटी ते एसटी पकडून बनाबाईंच्या गावी, आंबवड्याला गेले, बनाबाईंच्या फडताळातल्या बरण्या उचलल्या आणि पासवर्ड वहीत उतरवून आणले.

"पाच मिळाले," परत आल्यावर ते तरन्नुमला म्हणाले. "सहाव्यावर लोणच्याचं तेल सांडलंय. तिथं शून्य हाय का इंग्रजी ओ, ते कळत न्हाई."

आम्ही पोट धरधरून हसलो. तरन्नुम मात्र हसली नाही. तिने त्या दिवशी प्राचार्यांकडे जाऊन सांगितलं, "सर, मला मेची सुट्टी द्या. म्हणजे मला सुट्टी नको, त्या महिन्यात रिकामं कॉलेज द्या. मी सगळी मशीन्स एका सर्व्हरला जोडते. माणसाला एकच पासवर्ड, आणि तोसुद्धा सकाळी एकदाच."

मेमध्ये सगळं कॉलेज ओस असताना ती एकटी एकेका कॉम्प्युटरसमोर बसून होती. जूनमध्ये तिने सगळ्यांना लॅबमध्ये बोलावलं.

"सकाळी पासवर्ड टाकला की सर्व्हर तुमची ओळख पटवून घेतो आणि तुमच्या मशीनला एक चिठ्ठी देतो," ती म्हणाली. "मग तुम्ही निकाल उघडा, याद्या उघडा, प्रिंट काढा. मशीन ती चिठ्ठी सर्व्हरला दाखवून त्या त्या कामाची छोटी चिठ्ठी आणतं. तुम्हाला परत कुणी विचारत नाही. चिठ्ठी दहा तास चालते."

"आन् ती चिठ्ठी ठेवायची कुठं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही नाही ठेवायची. मशीनच ठेवतं, आपल्या पोटात."

"म्हंजे हरवायची सोयच न्हाई!" भाऊसाहेबांना इतका आनंद आम्ही बढतीच्या वेळीही पाहिला नव्हता.

"पण भाऊसाहेब, आता एकाच पासवर्डाने सगळं उघडतं. तो कुणाला कळला, तर सगळंच कळलं. आणि जागेवरून उठताना पडद्याला कुलूप लावायचं."

भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार करून पासवर्ड ठरवला. अडचण एवढीच की टाइप करताना ते एकेक अक्षर पुटपुटायचे. आठवडाभरात तो अख्ख्या ऑफिसला पाठ झाला आणि तरन्नुमने तो त्यांना बदलायला लावला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या वेळी तिने त्यांना एक लवंग दिली. "पासवर्ड टाकताना ही दाताखाली धरा," म्हणाली. ते जमलं.

ऑगस्टपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग एका सोमवारी भाऊसाहेबांचं मशीन त्यांना आत घेईना. पासवर्ड बरोबर, तरी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. तरन्नुमने वाचली: तुमच्या आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे. तिने पाहिलं तर मशीनवर तारीख होती १ जानेवारी २००२. तिने ती दुरुस्त केली आणि मशीन चालू झालं.

मंगळवारी पुन्हा २००२. बुधवारीही.

"वेळेचा आन् पासवर्डाचा काय संबंध?" भाऊसाहेब वैतागले. "मी माझाच हाय ना?"

"चिठ्ठीवर वेळ लिहिलेली असते," तरन्नुमने समजावलं. "उद्या कुणी तुमची जुनी चिठ्ठी चोरून दाखवली, तर ती शिळी आहे हे कळायला नको का? म्हणून दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. थोडाथोडका असला तर मशीन आपोआप मिळवून घेतं. तुमचा साडेतीन वर्षांचा आहे."

गुरुवारी भाऊसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आमचे सहा पासवर्ड बरे होते. एक बिघडला तरी पाच चालायचे. हितं एक अडलं की सगळंच अडतं."

बोलण्यात खोट नव्हती, म्हणूनच तरन्नुमला ते लागलं. प्राचार्यांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. नाहीतर जुनी पद्धत पुन्हा सुरू.

शुक्रवारी मन्सूरभाई हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून लावायला आले होते. लेकीचं तोंड पाहून त्यांनी विचारलं, "काय झालं गं?" तिने सांगितलं. त्यांना सर्व्हर कळला नाही, चिठ्ठी कळली नाही. पण त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"घड्याळ मागं पडतं, का बंद पडून पुन्हा पहिल्यापासून चालू व्हतं?"

"पहिल्यापासून, अब्बा. रोज एकच तारीख."

"मग सेल गेलाय. लाईट जातीय तवा त्याला जगवणारं काय न्हाई."

लोडशेडिंगने तेव्हा भोरमध्ये रोज काही तास वीज जायची, आणि संध्याकाळी घरी जाताना भाऊसाहेब बोर्डाचं बटणही न चुकता बंद करायचे. तरन्नुमने कपाळावर हात मारून घेतला. मशीनमध्ये सेल असतो हे तिने वाचलं होतं, पण कोर्समध्ये कुणी झाकण उघडून दाखवलं नव्हतं.

"भाऊसाहेब, मशीन चालू होताना काही वेगळं दिसतं का?" तिने ऑफिसात जाऊन विचारलं.

"काळ्या पडद्यावर कायतरी येतंय. एफ-वन दाबलं की जातंय."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. जातंय ना, मग सांगायचं कशाला?"

मन्सूरभाईंनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं आणि आतून रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल चिमट्याने काढला. तसलेच सेल त्यांच्या टपरीत होते. नवा आणून बसवला, तरन्नुमने वेळ लावली, भाऊसाहेबांनी लवंग दाताखाली धरली आणि सगळं उघडलं. मन्सूरभाई निघेनात. "उरलेली बी उघड," म्हणाले. एकोणीसपैकी सात सेल मरायला टेकले होते.

पुढे विंझरच्या एका शाळेनेही तिला हेच काम करायला बोलावलं. तिथे तिने आधी सगळी झाकणं उघडली, मग सर्व्हरला हात लावला.

२००८च्या मेमध्ये भाऊसाहेब निवृत्त झाले. शेवटच्या दुपारी ते स्वतःच लॅबमध्ये आले. "माझं खातं बंद करायचं असंल ना?"

"उद्या करते, भाऊसाहेब."

"आत्ताच कर. मला बघायचंय."

तिने एक क्लिक केलं. भाऊसाहेब शेजारच्या मशीनवर बसले आणि सावकाश पासवर्ड टाकला. मशीनने त्यांना आत घेतलं नाही.

"निकाल?"

"बंद."

"याद्या?"

"त्याही. सगळंच."

"सहा कामं," ते म्हणाले, "शिकाया मला सहा वर्सं लागली." मग हसले. "झकास केलंयस गं. एकबी दार उघडं राह्यलं न्हाई."

तरन्नुमने त्यांची पिशवी उचलली आणि वेल्ह्याच्या गाडीपर्यंत त्यांना पोचवायला गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच ती पडद्याला कुलूप लावायचं विसरली. ते मी लावलं.