कच्चा चुना

कमी दगडांत देखणा पूल बांधावा तर मीच, असं आमच्या खात्यातले गोरे साहेबसुद्धा म्हणत, आणि ते ऐकून मी फुगत असे. इतर जण जिथे तीन कमानी घालत तिथे मी दोन घालायचो, त्याही इतक्या नाजूक, की गाडीवान बैल थांबवून बघत राहायचे. आता म्हातारपणी कोणी त्या पुलांचं कौतुक करू लागलं की मी विषय बदलतो.

डोंबिवलीच्या खाली, खाडीला मिळणाऱ्या ओढ्यावर असाच एक पूल चालला होता. काटकसर म्हणून कमानीखालचा लाकडी सांगाडा मी एकच करवला होता. पहिली कमान झाली की तोच काढून दुसरीखाली लावायचा. पावसाळा तोंडावर आलेला. मिस्त्री घाटावरचा, माझ्याहून वयाने मोठा. सांध्यातला चुना नखाने खरवडून तो म्हणाला, "रावसाहेब, अजून कच्चा हाय. पंधरा दीस जाऊ द्या."

"पंधरा दिवसांनी इथे होड्या लागतील, मिस्त्री. उद्याच सांगाडा काढा."

तो वाद घालणारा नव्हता. पण त्याची एक रीत होती: सांगाडा निघताना, ज्याने कमान बांधली त्याने खाली उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी पाचरी सैल झाल्या, दोर बांधले गेले, तेव्हा त्याने सगळ्यांना लांब काढलं, पागोटं नीट केलं आणि एकटा जाऊन उभा राहिला. मी काठावर होतो, छत्री घेऊन. हाक मारून त्याला बाहेर बोलावता आलं असतं. नाही मारली. मनात म्हटलं, कळू दे म्हाताऱ्याला, कोण बरोबर ते.

दोर ओढले. कमान क्षणभर तशीच राहिली, मग मधोमध खचली.

चौकशीत साहेबाने विचारलं, कशाने पडली? मी म्हणालो, चुना कच्चा होता. खोटं काय होतं त्यात? घाई कोणी केली, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही खपतं. कागदावर मिस्त्रीचं काम कच्चं ठरलं आणि पुढचे सगळे पूल मला मिळाले.

तेरावं झाल्यावर त्याची बायको आमच्या कल्याणच्या घरी आली. ओटीवर बस म्हटलं तरी बसली नाही.

"लोकं म्हणत्यात, त्येंच्याच हातनं चूक झाली. जल्मभर त्या माणसानं कुनाचं भिताड पडू दिलं न्हाई. तुमी सांगाल ते मी खरं मानीन, रावसाहेब."

खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण आत आई होती, बायको होती, दोघी ऐकत होत्या. त्यांच्यासमोर लहान व्हायचं माझ्या जिवावर आलं. त्या भ्याडपणाची लाज मी आजतागायत गिळतो आहे.

"हो," मी म्हणालो, "चूक मिस्त्रींचीच झाली."

तिने पदर तोंडात कोंबला. डोळे पुसून ती म्हणाली, "मंग बरं झालं, दुसरं कुनी खाली नव्हतं. तुमी जिवाला लावून घेऊ नगा."